कॉमाचं पोट

"पुण्यात कोण कुणाला पाणी विचारत नाही हो," परभणीच्या स्टँडवर आमच्या मागे उभ्या असलेल्या एक बाई दुसरीला सांगत होत्या. बाबा बसच्या डिकीत माझी बॅग ढकलत होते. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि कुणी काही दिलंच, तर खायचं नाही." मला ते नवीन नव्हतं. शेजारून आलेलं ताट आई हसून घ्यायची आणि दार लागलं की ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून द्यायची. का, ते मी कधी विचारलं नाही. इंग्रजी शाळेत प्रश्न विचारायला शिकवलं होतं, पण ते वर्गापुरतं.

आता मी पुण्यात वारज्याला राहते. ऑफिस लॅपटॉपमध्ये आणि घर दाराच्या साखळीमागे. शेजारी शेडगे काकू. त्यांच्याच शेतावर ही सोसायटी उभी राहिली. पार्किंगला त्या अजून मळा म्हणतात. मला म्हणतात मॅडम.

पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडलेलं मांजराचं पिल्लू मी वर आणलं. शेपटीला बाक होता, म्हणून नाव कॉमा. "मॅडम, मांजर कॉन्व्हेंटात हाय का? इंग्रजीतच बोलता तिच्याशी," काकू बाल्कनीतून म्हणाल्या. मी हसले आणि आत आले.

डॉक्टरांनी दूध नको म्हणून सांगितलं होतं. मी पाकिटातलं फूड कोमट करून द्यायचे. सुरुवातीला कॉमा ताटली चाटूनपुसून ठेवायची. मग नुसता वास घेऊन वळायला लागली. तरी पोट गोल. दोन्ही बाल्कन्यांच्या मधल्या बुटक्या भिंतीला पाणी जायला भोक होतं. ती तिथून परत यायची तेव्हा मिशांना उग्र वास यायचा, आमच्या घरी कधीच न आलेला.

सोसायटीच्या ग्रुपवर मांजरांबद्दल तक्रारी चालूच होत्या. अशात एका सकाळी काकू फोनवर हळू आवाजात बोलताना ऐकू आल्या. "थोडं थोडंच घालते गं. एकदम घातलं तर सोसायचं न्हाई तिला. अन् ह्यांना कळलं तर माझं काय खरं न्हाई."

मी भोकात फडकं कोंबलं, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि पडद्याआडून बघत राहिले. काकू वॉशिंग मशीनमागून स्टीलचा डबा काढायच्या, आपल्याच घरात डोकावून बघायच्या, डबा परत लपवायच्या. कॉमा दाराशी बसून रडायची. मी तिला सांगायचे, कुणी काही दिलं तर खायचं नाही. आई, अगदी तुझ्याच आवाजात.

एका दुपारी मीटिंग चालू असताना कपडे काढायला दार उघडलं आणि ती पायांतून निसटली. फडकं बाजूला पडलेलं. मी हेडफोन फेकून भिंतीशी धावले. पलीकडे काकू उकिडव्या बसलेल्या, कॉमाचं तोंड डब्याच्या झाकणात. मी ओरडणारच होते.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "सुकट हाय. गरम पाण्यात दोनदा धुतलीय, खारट न्हाई. ह्यांनी माळ घातलीय ना, घरात मासळी चालत न्हाई. बघितलं तर मला मांजरासकट बाहेर काढतील." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "अशी काय बघतीस? मी काय इख घालीन व्हय गं लेकराला?"

'मॅडम' गळून पडलं होतं. मी मान खाली घातली. कॉमा झाकण चाटत होती, पाठ आमच्याकडे करून, अगदी बिनघोर.

काकू आत जाऊन आल्या. हातात भाकरी, वर पिठलं. भिंतीवरून पुढे करत म्हणाल्या, "जेवलीस का?"

आई, हेच तू रोज फोनवर विचारतेस, आणि मी रोज हो म्हणते, खाल्लेलं असो वा नसो. घर म्हणजे जिथे आतून कडी लावता येते, असं मी धरून चालले होते. त्या दुपारी भिंतीपलीकडून तोच प्रश्न आला, आणि विचारणारीला माझं तोंड दिसत होतं.

मी भाकरी घेतली आणि म्हणाले, "नाही काकू. खूप भूक लागलीय."