रेघेपर्यंत गोडं पाणी

अमरावतीच्या दवाखान्यात भाऊला शेवटचं भेटले तेव्हा माझ्या हातात यादी होती. धुतलेली धोतरं, टॉवेल, चष्म्याचं घर आणि अकोल्याहून घरून भरून नेलेली पाण्याची सुरई. एकेक वस्तू काढून ठेवत मी खुणा करत होते. भाऊ उशीवरून बघत होता. म्हणाला, "पानी गोडं हाय ना वं, यमे?" मी म्हटलं, "हो भाऊ, मी सोता भरलं." दोन घोट प्यायला, हसला, म्हणाला, "मंग झालं." दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतच निरोप आला... त्याला आता सहा आठवडे होतील. आमच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरींना खारंच पाणी लागतं, हा प्रश्न कोणीही कोणाला विचारतो. पण भाऊनं तो मला विचारण्यामागे एक जुनी गोष्ट होती, आणि ती मी त्याला कधी सांगितली नव्हती.

भाऊ अकोल्यात विज्ञान शिकवायचा, मी मुलींच्या शाळेत. त्याची बायको लवकर गेली, माझं लग्न झालं नाही, घरात आम्ही दोघंच. वऱ्हाड महाराष्ट्रात आलं त्याच्या पुढच्या वर्षी, रामेश्वरकडे नोकरीला असलेला त्याचा एक विद्यार्थी दिवाळीला घरी येताना काचेच्या बरणीत एक मासा घेऊन आला. भाऊनं सुताराकडून टाकी करून तयारच ठेवली होती. समुद्राचं पाणी आणि शेवाळलेला एक दगड रेल्वेच्या पार्सलनं आधीच येऊन पोचले होते. त्या जातीला बुटका एंजलफिश म्हणतात, असं भाऊनं सांगितलं. बोटाएवढा मासा, कपाशीच्या शेतातल्या मातीसारखा काळसर, परांच्या कडेला निळी रेघ, गालावर एक काटा. दिवसभर दगडावरचं शेवाळ टिपत राहायचा आणि कोणी जवळ गेलं की दगडाच्या भोकात शिरून डोळा तेवढा बाहेर ठेवायचा. त्याला हवा मिळावी म्हणून भाऊ सायकलच्या पंपानं ट्रकची जुनी ट्यूब फुगवायचा आणि तिला लावलेल्या बारीक नळीतून बुडबुडे सोडायचा. काचेवर लाल रंगाची रेघ ओढली होती. पाणी रेघेखाली गेलं की त्यात भांड्यानं गोडं पाणी घालायचं. गोडं का, ते त्यानं मला समजावलं होतं. "पानी उडून जाते, मीठ मांगंच राह्यते. म्हून वरून गोडंच टाकाचं."

मला समजलं होतं. पटलं नव्हतं. दर्यापूरकडच्या आमच्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तिच्या काठावर आम्हाला चढता येत नसे. आई घागर ठेवून लांब बसायची. कोणाच्या मनात आलं तर वरून ओतलं जायचं, नाहीतर खारं पाणी घेऊन परत. पुढे आम्ही शिकलो, नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, नळाचं घर घेतलं, तरी सांडलेलं गोडं पाणी मी फडक्यानं टिपून तुळशीत पिळायचे. भाऊ मात्र टाकीत पाणी ओतताना मुद्दाम हळू ओतायचा. ते ओतणं त्याला आवडायचं.

मे महिन्यात पेपर तपासायला त्याला आठ दिवस अमरावतीला जावं लागलं. माझी सवय ओळखून त्यानं यादी करून दिली. हवा दोन वेळा, वाळ्याचा पडदा ओला ठेवणे, खाणं चिमूटभर, आणि चौथं, रेघेपर्यंत गोडं पाणी. उन्हानं टाकी रोज बोटभर उतरायची, आणि नेमकं नळाला तीन दिवस पाणी नाही. दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या घागरीतलं भांडं टाकीपाशी नेत होते, तेव्हा शेजारच्या शांताबाई खिडकीतून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, समुद्राच्या माशाले गोडं पानी? काहून, शरबत पाजून राह्यल्या का त्याले?" मी पण हसले. भांडं घागरीत परत ओतलं, परसातल्या विहिरीचं खारं पाणी काढलं आणि टाकी रेघेपर्यंत भरली. खाऱ्या पाण्याचाच तर जीव, त्याला काय होतंय! यादीत चौथ्यापुढे खूण केली. नळ आल्यावरही तेच केलं, तशीच खूण केली. सातव्या सकाळी मासा दगडामागे आडवा पडलेला होता.

भाऊ आला. यादी बघितली. मग पाण्याची घनता मोजायची काचेची नळी त्यानं टाकीत सोडली. ती फार वर तरंगली, म्हणजे पाण्यात मीठ वाढलं होतं. त्यानं नळी पुसून डब्यात ठेवली आणि म्हणाला, "उनानं गेला वं." मी म्हटलं, "दुसरा आणू." तो म्हणाला, "नको. आपल्याच्यानं नाही होत ते." 'तुझ्याच्यानं' न म्हणता तो 'आपल्याच्यानं' म्हणाला. त्यानंतर पाच वर्षं एका ताटलीत आंबे खाल्ले, एकमेकांची औषधं आणली, मी दहा वेळा तोंड उघडलं आणि भाजीचं विचारलं. दवाखान्यात त्यानं तर दारच उघडून दिलं होतं. मी "मी सोता भरलं" एवढंच म्हणाले.

टाकी खिडकीपाशी आहे. भाऊनं ती हलवू दिली नाही, आता मीही हलवत नाही. तळाशी दगड आहे, वाळून पांढरा पडलेला, आणि काचेवर लाल रेघ. सकाळी उठून मी दिवसाची यादी लिहिते. दूध, वह्या तपासणे, भाऊच्या पेन्शनचे कागद. त्यात चौथ्या ओळीवर माझा हात आपोआप लिहून जातो, रेघेपर्यंत गोडं पाणी. संध्याकाळपर्यंत बाकी सगळ्यांपुढे खुणा होतात. त्या ओळीपुढे मी करत नाही.