बुरुजावरचा नारळ

डिसेंबरातला रविवार, मालवणचा एसटी स्टँड. हजर: माझ्या मैत्रिणी सुलभा, रुक्साना, फिलोमिना आणि टायफॉइडमधून नुकती उठलेली मी.

आज तापातल्या लेकीसाठी उकड्या तांदळाची पेज शिजत होती, तिच्या वासाने मला थेट त्या जुन्या रविवारी, त्या स्टँडवर नेलं. विजयदुर्गची सहल मीच आखली होती. पण आईने पेजेशिवाय काही खायचं नाही असं बजावलेलं, म्हणून मी फक्त नाही सांगायला आले होते.

रुक्सानाने पिशवीतून डबा काढला. "माका ठावक होता, तू पेजेचा निमित करतलंस! ही बघ, पेज आणलंय. आता बोल गो!"

सुलभाने हात जोडून, देवळात नवस बोलताना घालतात तसं चक्क गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवाक आज बुरुजार चढव, ता तुका नारळ देतला!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज फिलोमिनाचा. अख्खा स्टँड हसला आणि मी गाडीत चढले.

दुपारी बुरुजावर, समोर समुद्र, मी कुणाचाही हात न धरता उभी होते. तेव्हा वाटलं, मी एकटीने गड जिंकला. चढताना त्या तिघी दर वळणावर फोटोसाठी का थांबत होत्या, ते आता कळतं.

नारळ मात्र अजून द्यायचा राहिलाय.