गाडीवान नवरदेव

स्वतःसाठी मुलगी बघायला मी गाडीवान बनून गेलो होतो.

दोष सिनेमांचा. सन साठच्या आसपासची गोष्ट. गाजलेल्या रडक्या सिनेमांना नंदुरबारात तोबा गर्दी असायची. मला आवडायचे ते चार दिवसांत उतरणारे हसरे सिनेमे. त्यांत खलनायक नसे, कुणी मरत नसे. दोन चांगली माणसं अडीच तास एकमेकांना बनवत आणि शेवटी प्रेमात पडत. अशाच एकात नायक माळी बनून मुलीच्या घरी जातो आणि ती त्या माळ्यावरच भाळते. थेटरात आम्ही जेमतेम वीस जण होतो. (मुलीच्या गावी, कोरीटमध्ये, हा डाव कुणाला कळणार!)

सोबत येणाऱ्या काकांना ऐन वेळी ताप आला, म्हणून कोरीटला मी आणि चुलतभाऊ दगडू असे दोघंच निघालो. शिवेवर मी माझा कोट दगडूला चढवला आणि त्याचं मुंडासं स्वतः बांधलं. मी शाळामास्तर, बैलाशी माझा संबंध निबंधापुरता.

दगडू आत गेला, मी गाडीतच बसून राहिलो. आत तो कापसावर आणि केळीवर असा काही रंगला की मुलीचे वडील, आबा, खूश! तेवढ्यात मुलगी पोहे ठेवून बैलांसाठी पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. मला ती फार आवडली. चष्मा पुसून मी पुन्हा पाहिलं.

तिनं जुंपलेल्या बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाव्हना दोनदा बैलस्ले दखाले उठना, अन् गाडीवान चष्मा पुसी ऱ्हायना," ती म्हणाली. "नवरदेव कोन शे?"

मी सगळं कबूल केलं, सिनेमासकट.

"तो सिनेमा मी बी दखेल शे. दोन वखत."

इतक्यात आबांनी आत नारळ मागवला. पाव्हणा पसंत! आणि दगडू? नाही म्हणायचं सोडून हा गडी मान खाली घालून लाजत बसलेला. आत धावायला मी उडी मारली, तर मुंडासं सुटून बैलाच्या शिंगात अडकलं. बैल एकीकडे ओढतोय, मी दुसरीकडे.

शेवटी तीच आत गेली.

"आबा, नारय ऱ्हाऊ द्या. नवरदेव बाहेर शे. त्याले बैलनी धरी ठेवेल शे."

आबा बाहेर आले आणि इतके हसले की रागवायचंच राहून गेलं. मग त्यांनी शंका काढली, याला तर बैलसुद्धा सोडता येत नाहीत.

"मी शिकाडसू," ती म्हणाली, आणि नारळ माझ्या हातात आला.

सिनेमातल्या नायकाचं सोंग शेवटच्या रिळात उतरलं होतं. मला मात्र ती इतक्या वर्षांनीही 'गाडीवान' म्हणूनच हाक मारते. आणि बैल सोडायला मी अजून दगडूलाच बोलावतो.