आधी कुणाचं दार वाजवायचं

मेधाचा फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या ऑफिसात दुपारच्या मीटिंगला निघण्याच्या घाईत होते. मेधा म्हणजे माझ्या जुन्या मित्राची, शिरीषची बायको. ती एवढंच म्हणाली, "अगं, शिरीष गेला." आणि मी लॅपटॉप मिटत विचारलं, "आता कुठल्या देशात?" मग मेधाला हसू फुटलं, त्या हसण्याचंच रडणं झालं, तेव्हा कुठे मला कळलं... गेली कित्येक वर्षं 'शिरीष गेला' म्हटलं की पुढे देशाचं नाव यायचं. केनिया, नेपाळ, फिलिपिन्स. या वेळी तो गिरावीनच्या घरातच, सकाळचा चहा पिता पिता गेला होता. हृदयविकार, वय सत्तेचाळीस. पाच आठवडे झाले, पण त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. मेधा म्हणते, त्याला आवडला असता.

आमची ओळख अॅडलेडची, मॉसन लेक्सला uni मध्ये असतानाची. चार विद्यार्थी एका घरात राहायचो. मी नाशिकची, तो सोलापूरचा. अंघोळीला सगळ्यांत कमी पाणी तो वापरायचा आणि हे आम्हाला रोज ऐकवायचाही. सुट्टीत तो ग्रॅहम नावाच्या एका मेंढपाळाकडे कामाला गेला. या ग्रॅहमची जमीन एवढी अफाट की मेंढ्यांच्या पाण्याच्या टाक्या भरलेल्या आहेत की नाहीत, हे बघायला म्हातारा रोज दोन तास गाडी हाकायचा. शिरीषने एक डबा बनवला. तो टाकीत लावायचा, म्हणजे पाणी किती आहे ते फोनवर दिसतं. ग्रॅहम म्हणाला, "Good on ya, mate," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी घेऊन टाकी बघायला गेला. डबा खोटं बोलत नाही याची खात्री व्हायला त्याला महिना लागला.

पुढे सिडनीला आल्यावर शिरीषने याच डब्याची कंपनी काढली. नाव ठेवलं 'टाकी'. मी जीव तोडून सांगितलं, अरे, इथली माणसं हे 'टॅकी' वाचतील, म्हणजे भडक, हलक्या दर्जाचं. "No worries," तो म्हणाला, "लक्षात तर राहील." ऑफिस म्हणजे गिरावीनच्या घराचं गॅरेज. गाडी बाहेर, मेधा वैतागलेली, आणि मी कंपनीची दुसरी कर्मचारी व पहिली तक्रारखोर. तरी धंदा बरा चालला. इतका बरा की एक गुंतवणूकदार आला. सूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. त्याने फळ्यावर जगाचा नकाशा काढला आणि ऑस्ट्रेलिया सोडून बाकी सगळ्यावर गोल करून म्हणाला, खरी वाढ तिथे आहे, इमर्जिंग मार्केट्समध्ये.

त्या रविवारी शिरीषने आईला सोलापूरला फोन लावला. फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं मला माहीत असायचं.

"आई, कंपनी आता इमर्जिंग मार्केट्समध्ये चाललीय."

"ते कुठं आलं रे?"

"म्हणजे... आपल्यासारख्या देशांत."

"मग तसं सांग की. आणि तिथं पाणी रोज येतंय का?"

"नाही ना, म्हणून तर जातोय."

"पाणीच नाही तर टाकीत काय बघणार लेकरा?" माउलीने विचारलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तिचं ऐकलं असतं तर बरंच काही वाचलं असतं.

सुरुवात नैरोबीच्या एका उपनगरातल्या सहा इमारतींपासून केली. प्रत्येक मजल्याला एक टाकी, पण खालून वर येणारा पाइप एकच, आणि पाणी आठवड्यातून दोनदा, वेळेचा पत्ता नाही. पाणी आलं की प्रत्येक भाडेकरूच्या फोनवर निरोप जाईल, अशी आमची योजना. पहिला धक्का नावाचा बसला. स्वाहिलीत 'सिताकी' म्हणजे 'मला नको'. आमचा माणूस दारोदार 'टाकी, टाकी' करत फिरला तेव्हा लोकांना वाटलं, हा विकायला आलाय की नकार द्यायला? दुसरा धक्का मोठा होता. तीन आठवड्यांत गॅरेजमधल्या स्क्रीनवरचे दिवे, दर टाकीमागे एक, एकेक करत विझले. शिरीषने कारणांची यादी केली: नेटवर्क, ऊन, माकडं. माकडांवर तर त्याने गुंतवणूकदाराला दोन पानी ईमेल लिहिली. मग तो स्वतः गेला.

माकडं नव्हतीच. सगळे डबे ओटिएनो नावाच्या केअरटेकरच्या खोलीत सापडले. स्वच्छ पुसलेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, प्रत्येकावर इमारतीचं आणि मजल्याचं नाव लिहिलेलं. सहाही इमारतींच्या केअरटेकरांनी मिळून ते काढले होते. ओटिएनोने शिरीषला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "मित्रा, तुझं मशीन चांगलं आहे. खरं बोलतं. पण सगळ्यांना एकदमच खरं सांगतं." निरोप आला की सगळे एकाच वेळी व्हॉल्व्ह उघडायचे. पाणी खालच्या मजल्यांवरच संपायचं. सहाव्या मजल्यावर गुडघ्यांनी अधू झालेली एक आजी राहायची, ती दोन आठवडे कोरडी राहिली. त्याआधी ओटिएनो स्वतः दारं वाजवत जायचा. आधी सहावा मजला, मग तान्ह्या बाळाचं घर, मग बाकीचे.

शिरीषने तिथूनच आईला फोन केला. हे मला नंतर त्यानेच सांगितलं. आई म्हणाली, "अरे, आपल्या गल्लीत पाणी आलं की भालेराव काका आधी कुणाचं दार वाजवायचे, विसरलास का? पोटुशी बाई, म्हातारं माणूस, मग आपण. तू तर कळशी घेऊन रांगेत असायचास की रे."

परत आल्यावर त्याने सगळं बदलायला घेतलं. निरोप आता एकट्या केअरटेकरला जाणार, आणि कोणत्या मजल्याने आधी भरायचं ते तो ठरवणार. गुंतवणूकदार भडकला. देशोदेशी असे ओटिएनो शोधत, त्यांच्याकडे चहा पीत बसलो तर वाढणार कधी? भाडेकरूंना थेट निरोप पाठवा, एका वर्षात दहा शहरं. आणि मी... मी त्याच्या बाजूने बोलले. भर मीटिंगमध्ये. "शिरीष, कंपनी चालवतोयस की गल्ली?" असं म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "गल्ली." गुंतवणूकदार गेला, मागोमाग मीही गेले. ब्लॅकटाउनला नोकरी धरली. सहा महिने आम्ही बोललो नाही.

मग एका शनिवारी arvo ला, म्हणजे दुपारी, दाराची बेल वाजली. बाहेर शिरीष, हातात डबा आणि पक्कड. "तुझी टाकी तपासायला आलोय."

"माझ्या टाउनहाउसला टाकी नाहीये."

"मग चहा तरी असेल."

दोन कप झाले. तिसरा ओतताना तो म्हणाला, "तुझं गणित बरोबर होतं गं. मलाच ते गणित सोडवायचं नव्हतं." मी माफी मागणार होते, पण तेवढ्यात तो नेपाळमधल्या नव्या केअरटेकरबद्दल इतकं रंगून सांगायला लागला की राहून गेलं. ते राहूनच गेलं. कंपनी मोठी झाली नाही. पण नव्या गावात गेला की हा पहिला प्रश्न विचारायचा, इथे दारं कोण वाजवतं? आणि मग त्या माणसाकडे मुक्काम ठोकायचा.

तो गेल्याचं ओटिएनोला मीच फोनवर कळवलं. त्याने एकच विचारलं, "आईला फोनवर सांगितलंत, की कुणी दारात जाऊन?" दारात जाऊन, मी म्हणाले. शेजारच्या दोघी गेल्या होत्या, रात्रभर तिच्याजवळ बसल्या. "मग ठीक," तो म्हणाला, आणि मग रडला.

आता दर शनिवारी मी गॅरेजमध्ये जाते. कंपनीचं पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण केअरटेकरांचे फोन तर येतातच, ते कुणीतरी घ्यायला हवेत. पूर्वी मेधा या गॅरेजमध्ये पाऊल टाकत नसे. हल्ली कॉफी घेऊन येते आणि शिरीषच्या खुर्चीत बसते. गेल्या शनिवारी आम्ही अशाच बसलो असताना स्क्रीनवर नैरोबीच्या एका इमारतीचा सगळ्यांत वरचा दिवा निळा झाला.

"आलं गं पाणी," मेधा म्हणाली. तिला यातलं काही कळत नाही असं ती नेहमी म्हणते.

मग पाचवा मजला, मग तिसरा, मधेच दुसरा. तिथे बहुतेक बाळ असावं. कॉफी थंड झाली. मेधाला भाजी आणायला जायचं होतं, मला घरी. पण तळमजल्याचा दिवा लागेपर्यंत दोघींपैकी कुणीच उठलं नाही.