चुलत्यांनी बांधलेली खोली
शेजारी जुनं घर पाडायला घेतलंय. त्याच्या भिंतींच्या पांढऱ्या मातीचा वास आला आणि मला डॉक्टरीणबाईंची दोन बोटं आठवली. भूकंपात चुलतीची लेक भिंतीखाली गेली, तेव्हापासून चुलती छताखाली झोपलीच नव्हती. चुलत्यांनी तिच्यासाठी मुद्दाम हलक्या पत्र्याची खोली बांधली, तरी ती अंगणातच पडायची, आणि तिच्या सोबतीला तेही बाहेरच बाज टाकून, थंडीवाऱ्यात, शेवटपर्यंत. ते गेल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिला सोलापूरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तिला वाटलं, दृष्ट काढणार. पदरात मीठ-मोहऱ्या बांधूनच आली होती. बाई म्हणाल्या, "राहू द्या पदरात. तो दिवस मनात आणा आणि मान न हलवता माझी बोटं बघत राहा." बोटं इकडून तिकडं जात होती, त्यांच्यामागं चुलतीचे डोळे. ती रडली, घामाघूम झाली. आठवणीची धार कमी करायचा हा बाईंचा उपचार. अशा बऱ्याच खेपा झाल्या, आणि एकदा बोटं थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "भिंत पडतीय अजून, पण आता लई लांब पडतीय." दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खोलीचं दार उघडं. चुलती आत चटईवर आडवी होऊन पत्र्याकडं बघत होती. मला म्हणाली, "लई चांगली बांधलीय गं ह्यांनी. म्या एकदा बी आत येऊन बघितलं न्हाय." आता ती रोज आतच गाढ झोपते. चुलत्यांची रिकामी बाज मात्र अंगणातून कुणाला हलवू देत नाही.