ओसरीवरून बसवलेला मदरबोर्ड

माझ्या दोस्ताला कम्प्युटरातलं काडीचंही कळत नव्हतं. हे मी आज रागानं म्हणतोय असं समजू नका, तेव्हाही त्याच्या तोंडावर म्हणायचो. विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी परभणीत एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होतो. शिकवायला म्हणजे काय, तर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं कशी उमटतात ते पोरांना दाखवायचं, आणि क्लास सुटला की त्याच मशीनवर विटा फोडायचा गेम खेळत बसायचं. दोस्त माझ्याच गावचा, वालूरच्या पुढचा. चाळीस एकर काळी जमीन आणि घरात चक्क एक कम्प्युटर! त्याच्या पुण्याच्या दाजींनी ऑफिसातून भंगारात निघालेला आणून दिलेला. त्याचा उपयोग काय करायचे? वर क्रोशाचा रुमाल टाकून पाहुण्यांना दाखवायचे.

औरंगाबादच्या एका प्रदर्शनात आम्ही दोघांनी गाड्यांच्या शर्यतीचा गेम पाहिला. लाल गाडी, निळं आभाळ, दोन्ही बाजूंनी पळणारी झाडं. दोस्त तिथंच मला म्हणाला, "गड्या, आपल्या मशीनवर हे आणायचं. निम्मे तू टाक, निम्मे मी टाकतो. आपलं दोघांचं."

त्या 'आपलं'वर मी भाळलो. गेम मला पाहिजेच होता, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त पाहिजे होतं ते त्याच्या घरात, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसणं. आम्ही बौद्ध. लहानपणापासून त्या घराच्या ओसरीपलीकडं मी पाऊल टाकलं नव्हतं, आमच्या वस्तीतल्या कुणीच टाकलं नव्हतं. परभणीत स्टँडसमोरच्या हॉटेलात हाच पठ्ठ्या माझ्या बशीतला चहा प्यायचा आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "नामांतर झालंच पाहिजे!" एसटी गावाच्या फाट्याला वळली की तोच आवाज बारीक व्हायचा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तरी मी सहा महिन्यांची बचत काढली. त्याचे निम्मे बापाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून आले, मागितल्याबरोबर.

सामान आणायला हैदराबादला गेलो. यादी मी केली होती, चांगली आठवडाभर डोकं लावून. कम्प्युटरच्या जुन्या डब्यातला मदरबोर्ड काढून त्यात नवा थ्री-एट्टी-सिक्सचा बोर्ड, रंगीत चित्रांसाठी व्हीजीए कार्ड, एक सेकंडहँड रंगीत मॉनिटर आणि चार एमबी रॅम. डबा जुनाच ठेवायचा, डब्यानं गाडी पळत नाही. आवाजाचं कार्ड नको, आतल्या भोंग्यावर भागवायचं. रॅममध्ये मात्र एक पैसा कमी करायचा नाही, नाही तर गाडी वळणावर अडखळते. हे सगळं मी त्याला रेल्वेत परभणीपासून समजावत नेलं. तो शेंगा सोलत "हाव, हाव" म्हणत होता.

तिथल्या कोटी भागातल्या एका बोळात दुकान सापडलं. दुकानदार म्हणाला, "क्या होना जी?" मी यादी काढेपर्यंत आमच्या शहाण्याची नजर एका नव्या डब्यावर खिळली होती. उभा डबा, पुढं एक बटण आणि बटणावर दोन लाल आकडे पेटलेले.

"हा नंबर कशाचा?"

"स्पीड है साब."

"मग आपल्याला किती येईल?"

दुकानदार माझ्याकडं बघून मिशीत हसला. "कितना होना बोलो, उतना लगा देतूं."

तो आकडा मागच्या बारक्या पिना इकडंतिकडं करून पाहिजे तो लावता येतो, मशीनच्या वेगाशी त्याचा काडीचा संबंध नसतो, हे मी दोनदा सांगितलं. दोस्तानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाला, "मग नव्व्याण्णव करा."

त्या लाल नव्व्याण्णवाच्या नव्या डब्यापायी आमची दोन एमबी रॅम गेली. मी भांडायला पाहिजे होतं, निम्मे पैसे माझे होते. पण मशीन त्याच्या घरात राहणार, वीज त्याची, टेबल त्याचं. जास्त ताणलं तर 'आपलं'चं 'माझं' व्हायला कितीसा वेळ लागतो? मी मॉनिटरचं खोकं मांडीवर घेऊन परत आलो.

रविवारी सकाळी त्याच्या घरी पोचलो. तो खोकी घेऊन आत गेला. मी चपला काढल्या, तेवढ्यात त्याची आई बाहेर आली. "बस बाबा, चहा घे," म्हणाली आणि ओसरीवर पोतं अंथरलं. वागायला वाईट नव्हती. माझ्या आईची चौकशी केली, थंडी लय पडलीय म्हणाली. मशीन मधल्या खोलीत होतं, देवघराच्या भिंतीला लागून. दोस्त बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू इथूनच सांग ना. मी बसवतो. आई जरा जुन्या वळणाची हाय."

मदरबोर्ड ओसरीवरून बसवायचा! ज्याला स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा ते माहीत नाही तो आत, आणि मी पोत्यावर. मी ओरडून सांगायचो, तो आतून "हाव" म्हणायचा. जुन्या डब्यातली डिस्क निघाली, नव्या डब्यात बोर्ड बसला, कार्ड बसलं. मग आल्या विजेच्या तारा. बोर्डाला विजेच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लागतात. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट्या लावल्या तर बटण दाबताच बोर्डाची राख.

"काळ्या मधी घे!" मी ओरडलो.

"काळ्या तर दोन्हीकडं हायत!"

"अरे, मधी! एकमेकींजवळ!"

"बसल्या बघ. दाबू का बटण?"

सहा महिन्यांची बचत आत जळायलीय आणि मी इथं पोत्यावर बसून चहा प्यायलोय! मी उठलो आणि सरळ आत गेलो. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती पदर सावरून एक पाऊल मागं सरकली. पट्ट्या उलट्याच होत्या. मी त्या काढून नीट लावल्या, खुर्ची ओढली, बसलो, गेमची फ्लॉपी सरकवली आणि बटण दाबलं.

पडदा निळा झाला, मग लाल गाडी आली. दोस्तानं दुसरी खुर्ची टाकली. त्याचे वडील येऊन मागं उभे राहिले, "वा रे पोरांनो," म्हणाले. वळणावर गाडी अडखळत होती, त्या नव्व्याण्णवाच्या नावानं मी बोटं मोडली, पण तासभर आम्ही खांद्याला खांदा लावून खेळलो. एकदा तो जिंकला, दोनदा मी. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदानं भरून आलं होतं. एवढ्यासाठी मी झुरत होतो! निघताना सांगितलं, वरचं झाकण दोन दिवस लावू नको, बोर्ड किती तापतो ते बघायचंय. "उद्या पण ये," तो म्हणाला.

बुधवारी तोच क्लासवर आला. बोर्ड टॉवेलात गुंडाळून आणला होता.

"बंद पडलं. दुकानदारानं गंडवलं आपल्याला. नव्व्याण्णव मात्र अजून पेटायलाय."

मी बोर्ड उजेडात धरला. सगळ्या बोर्डावर पिवळट, वाळलेले थेंब. रॅमच्या खाचेत हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं होतं. नाकाशी नेला आणि झटकन लांब केला.

"हे काय आहे?"

तो दाराकडं बघायला लागला. "आईनं जरा शिंपडलं आसंल."

"काय शिंपडलं?"

"गोमूत्र. तू गेल्यावर. तिला काय माहीत बिचारीला, झाकण उघडं हाय म्हणून."

क्लासमधली पोरं टाइप करायची थांबली. मला काय काय बोलायचं होतं! हॉटेलातल्या बशीपासून सुरुवात करायची होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "मी खुर्चीवर बसलो होतो. मग खुर्चीवर शिंपडायचं ना, बोर्डावर कशाला?"

"बोर्डाला तुझाच हात लागला होता ना सगळा," तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला, हिशोबाची चूक दाखवून द्यावी तसं. त्याच्या चेहऱ्यावर ना शरम, ना राग. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकला आणि आवाज बारीक केला. "हे बघ, तू स्पिरिटनं धुऊन काढ, चालंल ते. आन् पुढच्या हप्त्यात आई माहेरी जायलीय. तवा ये तू. निवांत खेळू दिवसभर. कोणाला कळायचं न्हाई."

तो बोर्ड त्याच्या तोंडावर फेकायला पाहिजे होता. तेवढा स्वाभिमान मला आहे, असं मी तोपर्यंत समजत होतो. आमच्या वस्तीतल्या माणसांनी याहून लहान गोष्टींसाठी लाठ्या खाल्ल्या होत्या.

मी टॉवेलाच्या कोपऱ्यानं खाच पुसत विचारलं, "कोणत्या दिवशी जाणार हायत काकू?"