सांगितलं नाही

दुष्काळाचं वर्ष होतं आणि नव्या जिल्ह्याची आवई उठली होती. तेव्हाच एक चष्मेवाला माणूस आमच्या अहमदपूरच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लॅपटॉप घेऊन बसू लागला. मालकांची परवानगी होती, पण मला तो खटकायचा. येईल त्याचा रिपोर्ट तो नाव गाळून उतरवून घ्यायचा आणि विचारायचा, "पाणी कुठलं पिता?" टँकरवाल्याचा माणूस असावा, नाहीतर गावं नव्या जिल्ह्यात ढकलणाऱ्यांचा.

"हे कुणासाठी?" मी एकदा दरडावलंच.

चष्मा सदऱ्याला पुसत तो म्हणाला, "अजून कुणासाठीच न्हाई. पुढं कुणी किडनीच्या दुखण्याचं मूळ शोधलं तर लागंल, म्हणून नीट लावून ठेवायलोय."

असं कुणी करतं का? माझा संशय वाढलाच.

एकदा माझाच रिपोर्ट त्याच्यापुढं आला. "पाणी कुठलं?" मी पुढच्या नमुन्याची नळी उचलली. त्यानं पाण्याच्या चौकटीत टाईप केलं, 'सांगितलं नाही'.

"रिकामं ठेवा की."

"न्हाई. पुढच्याला वाटंल, विचारलंच न्हाई."

तो इथून गेला, त्याला वर्षं झाली. त्याच्या त्या माहितीत माझं नाव नाही, गाव नाही. त्या एका चौकटीत माझा संशय तेवढा नीट लावून ठेवलेला असेल.